पहाटे चारच्या गजराला पुरावा काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या ठाणे पुरवणीत गुणवंत विद्यार्थ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या. त्यांतील बहुतेकांनी आपण पहाटे चारला उठून अभ्यास करत होतो असे सांगितले आहे आणि त्यावर 'पहाटे चारचा गजर हाच यशाचा मंत्र' असे ठळक शीर्षक आहे. या मुलांचे कष्ट खरे आहेत, त्यांचे यश त्यांच्या हक्काचे आहे. माझा आक्षेप शीर्षकातील 'हाच' या शब्दाला आहे.

गेली बावीस वर्षे मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे संशोधन पद्धतींच्या पहिल्याच पाठात आम्ही सांगतो. पहाटे चारला उठूनही जेमतेम गुण मिळालेली मुले दरवर्षी आमच्या वर्गात असतात, परंतु त्यांची मुलाखत घ्यायला कोणी जात नाही. शिवाय ज्या घरात मुलासाठी आई किंवा वडील पहाटे उठून चहा करून देतात, त्या घरात बहुधा क्लासची फी, अभ्यासाला वेगळी खोली आणि शांतताही असते. गुण त्यांपैकी नेमके कशामुळे वाढले, हे मुलाखतीवरून सांगता येणार नाही. ते ठरवायचे असेल, तर चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट करावे लागतील, बाकी सर्व शक्य तितके सारखे ठेवून केवळ झोपेची वेळ बदलावी लागेल आणि कोणती उत्तरपत्रिका कोणत्या गटातील आहे हे तपासनिसाला कळू न देता गुण मोजावे लागतील.

असा विचार करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच सुरुवात केली आहे. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दहा-दहा निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला देऊन, मधला वेळ झोपेत गेल्यास किती आठवते आणि जागेपणी गेल्यास किती आठवते, याची तुलना केली. आठ तासांच्या झोपेनंतर दहापैकी सरासरी पाचांहून अधिक गट आठवले, तर तेवढाच वेळ जागेपणी गेल्यावर सरासरी जेमतेम एक. या प्रयोगात विद्यार्थी केवळ दोन होते, आणि पाठांतराची वेळ रात्रीची की सकाळची, हा फरकही त्यात मिसळलेला होता. ही उणीव मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण एका प्रयोगावर विसंबायचे नसते हेही शिकवायचे असते. मात्र त्यानंतर निरनिराळ्या प्रयोगशाळांत झालेल्या कामातून शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले आहे.

झोप म्हणजे अभ्यासातून वजा झालेला वेळ, ही समजूत पालकांच्या मनात फार खोल रुजली आहे. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती म्हणजे स्वप्नविरहित गाढ झोप, या वेगवेगळ्या अवस्था आहेत, हे आपल्याकडे मांडूक्य उपनिषदाने सांगितले. त्यांची मोजणी मात्र मेंदूतील विद्युतलहरी टिपणारे यंत्र आल्यावर शक्य झाली. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्रभर कागदावर रेघा उमटवल्या, तेव्हा गाढ झोपलेल्या मुलाचे डोळे मध्येच जलद हलत असल्याचे दिसले. त्याने व त्याचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेची आवर्तने सुमारे नव्वद मिनिटांची असतात, आणि डोळ्यांच्या जलद हालचालींचा, ज्यात ठसठशीत स्वप्ने पडतात तो भाग पहाटेकडे वाढत जातो, हे आज सर्वमान्य आहे. रात्री बारा-साडेबाराला आडव्या झालेल्या मुलाच्या झोपेतून चारचा गजर प्रामुख्याने हाच भाग छाटून टाकतो.

गेल्या वर्षी माझ्या सात वाजून दहा मिनिटांच्या तासाला पहिल्या बाकावर एक मुलगी बसत असे. कासारवडवलीहून ठाणे परिवहनच्या बसने ती येई. एकदा मी फळ्यावरून वळून पाहिले, तर तिचे डोळे उघडे होते आणि पेन चालत होते, पण वहीतील ओळ मध्येच तिरकी होऊन समासाबाहेर, थेट बाकाच्या लाकडापर्यंत गेली होती. मी हाक मारल्यावर ती दचकली आणि म्हणाली, "मॅडम, मी ऐकत होते." ती खोटे बोलत नव्हती, काही सेकंदांच्या अशा डुलकीची जाणीव पुष्कळदा त्या व्यक्तीला स्वतःला नसते. वर्गात झोपेची नोंदवही ठेवण्याचा उपक्रम सुरू करताना तिने स्वतःची झोप 'सात तास' लिहिली होती. पहिल्याच दिवशीची नोंद होती : 'पाठ टेकली १२.४०, गजर ४.००.' आपल्याच सवयींविषयी आपण देत असलेली माहिती किती कच्ची असते, हे मला त्या दिवशी पाठ्यपुस्तकापेक्षा तिच्या वहीने अधिक पटवले.

'लवकर निजे, लवकर उठे' या वचनातला पहिला अर्धा भाग आपण विसरलो आहोत. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही यात आळस नसतो. या वयाला आठ ते दहा तास झोपेची शिफारस आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांसाठी तो योग्यच होता. पण शरीराचे घड्याळ ज्यांचे खरोखर पुढे सरकलेले असते, ती मोठी मुले त्यात आलीच नाहीत.

आपली पुरवणी आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी वाचली जाते आणि तिची कात्रणे अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवली जातात, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. पुढील वर्षी गुणवंतांना किती वाजता उठता, याबरोबर किती वाजता झोपता हेही विचारावे, आणि पहाटे उठूनही मागे राहिलेल्या दोन-चार मुलांशीही आपल्या वार्ताहरांनी बोलावे. त्यांची नावे छापू नयेत, पण त्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा अवश्य छापाव्यात.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, नौपाडा, ठाणे