स्ट्राँशियम टायटेनेटचे काय?

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला अतिसंवाहकांवरचा, म्हणजे अतिथंडीत विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या पदार्थांवरचा लेख वाचला. लेख सोपा उतरला आहे. फक्त ‘फेरोइलेक्ट्रिक पदार्थ आणि अतिसंवाहकता यांचे कधीच जुळत नाही’ हे वाक्य खटकले. कॉलेजात मीही वर्षानुवर्षे मुलांना जवळपास हेच सांगत आलो, तेव्हा आधी माझीच चूक कबूल करतो.

सांगत होतो त्याला कारण होते. गॅसचा जुना लायटर खोलून पाहा. आत बोटाच्या पेराएवढाही नसलेला, चिनी मातीसारखा दिसणारा एक दंडगोल सापडेल. तो बहुधा लेड झिर्कोनेट टायटेनेटचा, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक. त्यातले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकून बसलेले असतात, म्हणून स्प्रिंगचा ठोका बसला की हजारो व्होल्टची ठिणगी उडते. अशा पदार्थात मोकळे इलेक्ट्रॉन सोडले तर ते धावत जाऊन हा भार झाकून टाकणार. आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांवाचून अतिसंवाहकता नाही. एकाला हवे ते दुसऱ्याच्या मुळावर.

स्ट्राँशियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक म्हणजे स्ट्राँशियम टायटेनेट. त्याची गत ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ अशी. (एके काळी याला पैलू पाडून नकली हिरे म्हणून विकत. चमक हिऱ्याहून रंगीत, पण ओरखडे लगेच पडत.) थंड करत नेला की हा फेरोइलेक्ट्रिक होऊ बघतो. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बाहेरच्या विद्युत क्षेत्राला आतले भार किती सरकून दाद देतात त्याचे माप) खोलीच्या तापमानाला ३०० च्या आसपास असतो, तो ४ केल्विनजवळ (उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास) २०,००० च्या घरात जातो. तरी उंबरठा काही ओलांडत नाही, कारण अणूंची पुंजीय (क्वांटम) थरथर, जी कितीही थंडीत थांबत नाही, त्यांना एका बाजूला स्थिर बसूच देत नाही. म्युलर आणि बुर्कार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी हे १९७९ मध्ये मांडले. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये याच स्फटिकातला थोडा ऑक्सिजन काढून इलेक्ट्रॉन मोकळे केले, तेव्हा तो ०.३ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक झाला होता. अतिसंवाहक ठरलेल्या पहिल्या ऑक्साइडांपैकी हा एक.

आता मुद्द्याचे. २०१९ मध्ये सँटा बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुझान स्टेमर यांच्या गटाने याचा पातळ थर दुसऱ्या एका ऑक्साइडच्या चकतीवर वाढवला. थराच्या अणूंमधले अंतर ३.९०५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), खालच्या चकतीचे ३.८७. एसटीत दोघांच्या बाकावर तिघे बसले की मधला जसा पुढे सरकतो, तसा दाटीत सापडलेला टायटॅनियमचा अणू वर किंवा खाली सरकतो आणि थर फेरोइलेक्ट्रिक होतो. त्यात मोकळ्या इलेक्ट्रॉनांसाठी सॅमेरियम हा धातूही मिसळलेला होता. लेखातल्या नियमाप्रमाणे अतिसंवाहकतेने इथे पाठ फिरवायला हवी. प्रत्यक्षात, इलेक्ट्रॉनांचे प्रमाण ठरावीक टप्प्यात असताना, अतिसंवाहक होण्याचे तापमान अशी दाटी नसलेल्या, बिनताणाच्या थराच्या तुलनेत दुपटीपर्यंत चढले!

हा एकाच प्रयोगशाळेचा नवस फळला असेही नाही. नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी जड ऑक्सिजन-१८ भरला की हा स्फटिक फेरोइलेक्ट्रिकतेकडे झुकतो. अणू जड झाले की अतिसंवाहकता थोडी खाली यायची, हा पाठ्यपुस्तकी धडा. इथे २०१६ मध्ये ती उलट वर गेलेली आढळली. उंबरठ्यापाशी टायटॅनियमची कंपने मऊ, म्हणजे संथ पडतात आणि अतिसंवाहकतेला लागणारी इलेक्ट्रॉनांची जोडी तीच जमवतात, असे अनेकांचे म्हणणे आहे. नेमकी कशी जमवतात यावर वाद मिटलेला नाही. इलेक्ट्रॉन फार वाढवले तर मात्र फेरोइलेक्ट्रिकता खचते आणि वाढीव तापमानाचा फायदाही हातचा जातो. म्हणजे जुना नियम अगदीच खोटा नव्हता.

अर्ध्या केल्विनची ही गोष्ट कोण वाचणार, असे आपल्याला वाटेल. पण वर आलेले म्युलर तेच, ज्यांनी १९८६ मध्ये बेडनॉर्झ यांच्यासह ताम्रयुक्त ऑक्साइडात उच्च तापमानाची अतिसंवाहकता शोधली आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळवले. त्याआधी दोघांच्याही हाताखालून स्ट्राँशियम टायटेनेट गेले होते.

पुढच्या पुरवणीत कोपऱ्यात दोन ओळींची जागा असेल, तर त्या वाक्यातला ‘कधीच’ तेवढा काढावा.

– पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा