कॉल क्लोज झाला, फ्रीज तसाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, कापलंत तरी चालेल, फक्त ते कोडचं तेवढं राहू द्या कारण खरी गोम तिथेच आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा फ्रीज बंद पडला. घेऊन १४ महिने झालेले, ऑनलाइन घेतलेला, बऱ्यापैकी मोठ्या कंपनीचा. नाव लिहीत नाही, कारण त्या जागी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव घातलंत तरी गोष्ट तीच राहील. दूध नासलं, पन्हं आंबलं एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो, पण आईला रोज इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ डिग्रीला ठेवाव्या लागतात, त्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवल्या, आणि वापरातली बाटली आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माठात सोडली. बाहेर चाळीसच्या आसपास.

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी ४ दाबा म्हणाले, ४ दाबलं, अकरा मिनिटं बासरी ऐकली आणि मग जी मुलगी आली ती म्हणाली 'सर, हिंदी में बात कर सकते हैं क्या?' मग ते ४ नंबरचं बटण कशाला ठेवलंय? असो. बोलायला गोड होती, चार वेळा खेद व्यक्त केला, इन्सुलिनचं सांगितल्यावर 'मैं समझ सकती हूँ सर' म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात एक्स्टेंडेड वॉरंटीची ऑफर सांगायला लागली. तिचाही दोष नाही, समोरच्या स्क्रीनवर जे येतं ते वाचायचं हीच तिची नोकरी.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, पण संध्याकाळी मेसेज आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. मी परत फोन केला, तर जुना नंबर क्लोज झालाय, नवीन तक्रार टाकावी लागेल, म्हणजे परत रांगेच्या शेवटी. चौथ्या दिवशी एक पोरगा आला, मागची जाळी काढून बघितलं, म्हणाला कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) उडालंय, पार्ट मागवावा लागेल, आठ दिवस धरून चाला. कंप्रेसरला १० वर्षांची वॉरंटी आहे हो, दारावर स्टिकर पण आहे, पण बिघडलं होतं कार्ड आणि त्याची वॉरंटी एकच वर्ष. कंप्रेसर गेला असता तरी गॅस भरणं, लेबर आणि व्हिजिट चार्ज आपल्याच खिशातून, हे त्यानेच सांगितलं. निघताना म्हणाला, 'काका, मोबाइलवर कोड आला असेल तो सांगा.'

या कोडला कंपनीत हॅपी कोड म्हणतात. ग्राहक खूश झाला की त्याने तो सांगायचा आणि मग तक्रार बंद होणार, अशी कागदावर योजना. मी म्हटलं अरे फ्रीज तर बंदच आहे, कसला हॅपी? तर तो कानकोंडा होऊन म्हणाला की ४८ तासांत कॉल क्लोज नाही झाला तर आमच्या फ्रँचायझीचे पैसे कापतात, आणि ते शेवटी माझ्याच पैशातून जातात, मला पगार नाही काका, कॉलमागे मिळतं, पेट्रोल माझंच. घामाने निथळत होता, आईने त्याला माठातलं पाणी दिलं, आणि मी (बावळटपणाच केला, मान्य) कोड सांगून टाकला. पाच मिनिटांत मेसेज आला, तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. म्हणजे कंपनीच्या वहीत आमचा फ्रीज दोनदा दुरुस्त झाला, घरात एकदाही नाही.

हे मला जास्त लागलं. कोणी उद्धटपणे बोललं असतं तर इतकं वाटलं नसतं, आम्ही पुणेकर, दुकानदाराचं तिरकं बोलणं आम्हाला बाळकडूतच मिळालंय. आमच्या पेठेत मिक्सर दुरुस्त करणारे एक आजोबा होते, मिक्सर नेला की आधी अर्धा तास बोलणी, हळकुंडं घालता होय यात, मिक्सर आहे का गिरणी, आठ दिवसांनी या आणि मधे विचारायला येऊ नका. पण आई वळली की हाक मारून स्वतःचा जुना मिक्सर हातात ठेवायचे, 'तोवर चटणीचं अडायला नको.' त्यांना आमचं आडलंय कुठे ते माहीत होतं. या कंपनीकडे आमचा पत्ता, मोबाइल, फ्रीजचा सिरियल नंबर, सगळं आहे, फक्त आमचं अडलंय कुठे ही माहिती ठेवायला जागा नाही. कॉल किती तासांत बंद झाला हे मोजणारी आख्खी यंत्रणा उभी केलीय, आणि पाणी गार होतंय का हे मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग सर्व्हिस सेंटरला गेलो. भिंतीवर तो नेहमीचा बोर्ड, ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे वगैरे, खाली गांधीजींचं नाव. (गांधीजी असं कधी म्हणाल्याचा पुरावा काही मिळत नाही, पण बोर्ड सगळीकडे.) काउंटरवरची बाई म्हणाली इथे तक्रार घेत नाही, कस्टमर केअरलाच करा. म्हणजे मी त्यांच्याच काउंटरवर कोपर टेकवून त्यांच्याच कंपनीला फोन लावला आणि परत बासरी ऐकली. ती बाई समोर बसून ऐकत होती, मधेच हसली पण बिचारी.

शेवटी भाच्याने सांगितलं म्हणून कंपनी आणि विकणारी वेबसाइट दोघांच्याही तक्रार अधिकाऱ्यांना मेल केला. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम आहेत, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. नाव होतं, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. पोच काही आली नाही. मग १९१५ ला फोन केला, ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि सांगायला आनंद वाटतो की तिथे चक्क मराठीत बोलता आलं. तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी कंपनीतून थेट टीम लीडरचा फोन, आणि सहाव्या दिवशी नवीन कार्ड बसलं, बिल शून्य.

आता मला सांगा, आठ दिवस न मिळणारा पार्ट सहा दिवसांत आला कुठून? वॉरंटीत नसलेलं कार्ड फुकट झालं कसं? म्हणजे जमत नव्हतं असं काही नाही, दहा जणांना टोलवलं तर आठ कंटाळून गल्लीतल्या मेकॅनिककडे जातात हा हिशोब आधीच मांडलेला असतो. उरलेल्या दोघांसाठी टीम लीडर. ग्राहक आयोगात गेलो असतो तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, निकाल ३ महिन्यांत आणि वस्तू तपासायची असेल तर ५ महिन्यांत असं कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात किती लागतात ते तिथे चकरा मारणाऱ्यांना विचारा. कंपन्यांनाही ते माहीत आहे. आणि हे त्या पुण्यात, जिथे १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना सुरू केली. तेव्हा भांडण भेसळीचं आणि मापातल्या पापाचं होतं. आता वजनकाटा बरोबर असतो, काटा मारतात तो आपल्या वेळेवर.

दुसऱ्यांदा तोच पोरगा आला होता, कार्ड बसवून झाल्यावर हात जोडून म्हणाला काका, मार्क द्यायचा मेसेज येईल त्यात मला दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी ते खराबच धरतात. मी दहा दिले. कंपनीला किती देता असा प्रश्न त्या मेसेजमध्ये नव्हता.

आपल्याकडे एकच विनंती, पेपरात रोज सोन्याचा भाव छापता त्या चौकटीच्या शेजारी १९१५ हा नंबर पण छापा, जागा काही फार लागणार नाही. फ्रीज सध्या व्यवस्थित चालू आहे. काकूंकडच्या बाटल्या परत आणल्या. वापरातली मात्र आई अजून माठातच ठेवते.

आपला,
एक वाचक, पुणे ३०