भट्टीवरनं टेबलावर जाऊ का नको

भावा,

तीनदा टाईप केलं आणि तिन्ही वेळा पुसलं. फोन केला असता, पण फोनवर आपण पोराबाळांचं, पुण्यातल्या ट्रॅफिकचं आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या मॅचचं बोलत बसतो आणि खरं बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज सरळ लांबलचक लिहायला बसलोय. सेकंड शिफ्ट करून आलोय, साडेबारा वाजून गेलेत, घरात सगळी झोपलीत आणि बाहेर पाऊस धरलाय तो काय सोडायचं नाव घेत नाही.

तर विषय असा, आमच्या फाउंड्रीचे, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याचे, प्लांट मॅनेजर साहेब सप्टेंबरअखेर रिटायर होतायत आणि त्यांच्या जागी मालकांनी माझं नाव काढलंय. शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलं, चहा सांगितला, म्हणाले बाहेरचा माणूस आणायचा नाही, साहेबांनी तुझंच नाव दिलंय, तू बघ. पगार ५८ चा ८५ हजार होतोय. सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय. आज बुधवार, म्हणजे गुरुवारच म्हण आता.

तुला वाटेल यात विचार काय करायचाय, हो म्हणून मोकळा हो. मलापण पहिली पाच मिनिटं तसंच वाटलं. केबिनमधनं बाहेर आलो, शॉपमध्ये शिरलो, आणि मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे मारणारे, मामा, ज्यांनी मला पहिल्या महिन्यात वाळू मुठीत दाबून ओल कशी ओळखायची ते शिकवलं, ज्यांच्या डब्यातली खर्डा-भाकरी मी चौदा वर्षं खातोय, ते मला बघून बाजूला सरकले आणि म्हणाले, "या साहेब." चेष्टा नव्हती रे ती. मनापासून म्हणाले. बातमी माझ्याआधी शॉपमध्ये पोचली होती. आणि मला इतकं कसंतरी झालं की मी नुसता हसलो आणि पुढं गेलो. त्या दिवशी डबा कुठं बसून खायचा हेच कळेना. शेवटी लॅबमध्ये एकट्यानं खाल्ला.

तू फाउंड्रीत कधी आला नाहीस म्हणून सांगतो माझं काम नेमकं काय आहे ते, नाहीतर मी काय सोडायचं म्हणतोय ते तुला कळायचं नाही. चार्ज, म्हणजे भट्टीत टाकलेला माल, वितळला की ओतायच्या आधी आम्ही छोटा वेज ओतून घेतो, पाचरीसारखा, तो गार करून हातोड्यानं फोडायचा. फोडल्यावर टोकाला पांढरं दिसतं त्याला चिल म्हणतात, ते किती मिलिमीटर आलंय त्यावरनं लोखंड कसं आहे ते समजतं. धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रो मशीनचा रिपोर्ट यायच्या आत मला नुसत्या तुकड्याच्या रंगावरनं कार्बन-सिलिकॉन अंदाजे सांगता येतं, आणि बहुतेक वेळा बरोबर येतं. एसजी आयर्नचं, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोल असतं त्या लोखंडाचं, तर आणखीनच वेगळं. लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की लख्ख पांढरा उजेड पडतो, धूर होतो, आणि तिथनं पुढं दहा-बारा मिनिटांत सगळे मोल्ड भरले पाहिजेत, नाहीतर मॅग्नेशियम फेड होतं, म्हणजे उडून जातं, आणि ग्राफाइट गोल न राहता वेडंवाकडं होतं, सगळा माल भंगारात. ती दहा मिनिटं माझ्या अंगात बसलीत रे. घड्याळ बघावं लागत नाही. नंतर लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ते काळे गोल गोल ठिपके आभाळात चांदण्या पडल्यासारखे दिसले की मला आजपण पहिल्या दिवसाइतकं बरं वाटतं.

मॅनेजर झालो की हे सगळं दुसऱ्याच्या हातात. माझ्या टेबलावर काय येणार? रिजेक्शनचे टक्के, टनामागं भट्टीला साडेपाचशे युनिट लागले का सहाशे, डिस्पॅच का अडकला, कस्टमरचं ऑडिट, तक्रार आली की द्यायचा एट-डी रिपोर्ट, कंत्राटदाराची बिलं, फेटलिंगची, म्हणजे माल घासून साफ करणारी, बिहारची पोरं छठला गावी गेली तर ग्राइंडर कोण धरणार. हे काम हलकं नाही, मला माहितीय, कुणीतरी ते नीट केलं म्हणूनच मी चौदा वर्षं निवांत भट्टीवर उभा राहू शकलो. पण जो माणूस एका कामात चांगला आहे त्याला चार पैसे जास्त द्यायचे तर ते कामच काढून घ्यायचं, ही काय पद्धत आहे? आपल्याकडं पगार वाढायचा म्हणजे खुर्ची बदलायची, दुसरी शिडीच नाही. मालकांना मी हे विचारलं, की मला मेल्टिंगलाच ठेवा आणि पगाराचं बघा. ते म्हणाले ग्रेडमध्ये बसत नाही.

आप्पांना सांगितलं. तुला माहितीय, त्यांनी तीस वर्षं उद्यमनगरात हातानं मोल्ड मारले, गुडघे गेले त्यात. मला वाटलं खूश होतील, पोरगा मॅनेजर झाला म्हणून. ते जरा वेळ गप्प बसले आणि एवढंच म्हणाले, "मग भट्टी कोण बघणार?" त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. हाताखालचा पोरगा हुशार आहे, पण अजून वर्षभर तरी त्याच्यामागं उभं राहायला लागतंय.

आता दुसरी बाजू सांगतो, आणि खरं पत्र यासाठीच लिहितोय.

२०१९ चा पूर आठवतोय ना, ऑगस्टचा पहिला आठवडा. तू तेव्हा पुण्यात होतास आणि दर तासाला फोन करून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत होतास. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याला लहानपणापासनं पाठ. त्या रात्री ४३ च्या वर गेलं होतं आणि वाढतच होतं. आमची एक भट्टी पूर्ण भरलेली, टनभर लोखंड, आणि चाकणच्या कस्टमरचा माल सकाळी निघायचा होता. मालकांचा फोन, काही झालं तरी ओतून घ्या. साहेब नऊ वाजता शॉपमध्ये आले, मला म्हणाले, "मेटल पिगात ओत, भट्टी रिकामी कर." पिग म्हणजे नुसते ठोकळे, कस्टमरचा माल नाही. मी म्हणलं साहेब, मोल्ड तयार आहेत, तासाभराचं काम आहे. ते म्हणाले, "लाईट गेली तर मेटल भट्टीतच गोठेल आणि लाईट राहिली तरी पोरं पुलापलीकडं जायची नाहीत." मग गेटवर छत्री धरून वही घेऊन उभे राहिले. एकेकाला विचारत होते घर कुठं, कुठल्या रस्त्यानं जाणार. चिखली-आंबेवाडीची पोरं पहिल्या टेम्पोत, मग नदीपलीकडची, मग शिरोलीतली. वहीत प्रत्येकाच्या नावापुढं टिक, आणि घरी पोचल्याचा फोन आला की दुसरी टिक. पेन ओलं होऊन उमटेना तेव्हा माझ्या खिशातला मार्किंगचा खडू घेतला. ती पांढरी टिक अजून डोळ्यापुढं आहे माझ्या.

नंतर शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस बंद राहिला. बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या शॉपमध्ये कमरेएवढं. त्या रात्रीचा माल गेला म्हणून साहेबांनी मालकांचं ऐकून घेतलं, माझ्यासमोर, आणि एक शब्द उलटा बोलले नाहीत. त्यांना कुणी शाबासकी दिली नाही, कारण कुणाला काही झालंच नाही. मला तेव्हा हे कळलंपण नाही. मी माल गेला म्हणून हळहळत होतो.

आणि त्याच्याही आधीचं, इथं यायच्या आधी मी ज्या कंपनीत होतो तिथलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, हिलासुद्धा अर्धंच माहितीय. जुलै महिना होता, स्क्रॅप यार्डाचं शेड गळत होतं. पत्र्याचे दाबलेले गठ्ठे यायचे, त्यांच्या आत पाणी साचून राहायचं, बाहेरनं दिसायचं नाही. वितळलेलं लोखंड चौदाशे डिग्रीच्या आसपास असतं, त्यात ओला गठ्ठा खाली गेला तर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे पट फुगते आणि भट्टीतलं मेटल बंदुकीसारखं वर येतं. हे मला माहिती होतं. मी स्टोअरला सांगितलं, शिफ्ट मॅनेजरला सांगितलं, ते म्हणाले आज डिस्पॅच आहे, वरचं वरचं बघून टाका. मी काय केलं? रजिस्टरला लिहिलं. "स्क्रॅप ओले आहे, कळविले." सही, वेळ. आणि मला वाटलं माझं काम झालं.

पावणेअकराला उडालं. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा होता, चार्जिंगला. हात आणि मान. वाचला, पण चार महिने दवाखान्यात, आणि नंतर कामावर आला नाही. चौकशी झाली तेव्हा त्या एका ओळीनं मला वाचवलं. सगळे म्हणाले तू हुशार, लिहून ठेवलंस. भावा, त्या ओळीची मला आजपण लाज वाटते. भट्टीचं स्विच माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी पेन उचललं, स्विच नाही दाबलं. कारण तो निर्णय माझ्या टेबलाचा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

आता तेच टेबल मला देतायत, आणि मी चांदण्यांसारखे ठिपके दिसणार नाहीत म्हणून नको म्हणू का? दोन दिवस हेच डोक्यात आहे. आपल्या तालमीतले वस्ताद आठवतात. हौद्याच्या कडेला बसायचे, स्वतः मातीत उतरायचं वय गेलेलं, पण पोराच्या श्वासावरनं ओळखायचे की आता याला सोडवायला पाहिजे, आणि एक शब्द टाकला की जोड सुटायची. त्या शब्दाला तालमीत मान होता म्हणून. मला भीती त्याचीच आहे. मी थांबा म्हणलं आणि वरनं फोन आला की चालू ठेवा, तर माझ्या शब्दाला काय अर्थ? मग मी नुसता ८५ हजारांचा रजिस्टर लिहिणारा. आणि फॅक्टरी मॅनेजर म्हणून कागदावर नाव माझं. उद्या काही झालं तर इन्स्पेक्टर आधी मलाच विचारणार.

म्हणून मंगळवारी मी परत केबिनमध्ये गेलो. मालकांना म्हणलं, तीन गोष्टी पाहिजेत. स्क्रॅप यार्डाला पक्कं शेड आणि चार्ज गरम करून घ्यायला प्रीहीटर. मेल्टिंगला माझ्या हाताखालच्या पोराला पुढं काढायचं, आणि वर्षभर मी सकाळचा पहिला हीट, म्हणजे भट्टीची पहिली खेप, त्याच्याबरोबर उभं राहून काढणार. आणि सेफ्टीसाठी भट्टी थांबवली तर ती मी किंवा शिफ्टचा माणूस चालू करणार, फोनवरनं नाही. शेड त्यांनी लगेच मान्य केलं, दिवाळीपर्यंत देतो म्हणाले, प्रीहीटरचं कोटेशन मागवा म्हणाले. पोराचंपण चाललं. तिसऱ्याला म्हणाले, "अरे त्यात काय लिहून द्यायचं, आपण घरचेच आहोत." माणूस वाईट नाही, पुरात त्यांचंपण लई नुकसान झालं आणि एकाचाही पगार कापला नाही. पण घरचेच आहोत म्हणून जे लिहून देत नाहीत, तेच डिस्पॅचच्या रात्री विसरलं जातं. मी म्हणलं साहेब, लेटरमध्ये एक ओळ पाहिजे. सोमवारी बोलू म्हणाले.

हिला विचारलं तर ती म्हणाली, रात्रीचे फोन आत्तापण येतात, तुम्ही आत्तापण उठून जाता, मग निदान तिथं जाऊन काय करायचं ते तरी तुम्ही ठरवा. मला ते पटलं. खूप पटलं. पोरगीची दहावी आहे यंदा, ते ओझं तिच्यावरच पडणार, तरी ती असं म्हणाली.

मामांशीपण काल बोललो, गेटबाहेर चहाच्या गाड्यावर. म्हणलं मामा, साहेब म्हणू नका, मला जड जातंय. ते म्हणाले, "शॉपमध्ये म्हणणार. तू पोरांच्या देखत मला रागावलास तर मी ऐकलं पाहिजे, नाहीतर तुझं कोण ऐकणार? डबा मात्र माझ्याबरोबरच खायचा." मला तिथंच डोळ्यात पाणी आलं.

तर माझं असं ठरत आलंय. ती ओळ लेटरमध्ये आली तर हो. नाही आली तर नाही, आणि भट्टीवरच राहायचं, ५८ हजारात, कुणावर राग न धरता. पण आतनं अजून हलतंय. ८५ हजार समोर ठेवल्यावर मी ओळ सोडून देईन का, सगळं तोंडी मान्य करून येईन का, याची मला खात्री नाही. तू मला शाळेपासनं ओळखतोस. मी भिडेला किती पडतो ते तुझ्याएवढं कुणाला माहिती नाही.

तू पाच वर्षं झाली टीम सांभाळतोस. मला खरं सांग, तुझ्या पहिल्या वर्षात तू काय तोंडी मान्य केलंस जे लिहून घ्यायला पाहिजे होतं? आणि तुझी जुनी माणसं तुझ्याबरोबर अजून जेवतात का? मागं एकदा गंगावेशला दूध कट्ट्यावर तू काहीतरी सांगत होतास, एका माणसाला काढावं लागलं म्हणून, आणि मधेच विषय बदललास. मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतोय.

रविवारपर्यंत माझी सेकंड शिफ्टच आहे, रात्री बारानंतर कधीपण फोन कर, मी जागा असतो. सोमवारी साडेनवाला केबिनमध्ये जायचंय. त्याआधी फोन कर.

तुझाच,
भट्टीवाला