पानगळ म्हणजे जंगलतोड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला जंगलांवरचा पानभर मजकूर वाचला. विषय घेतलात हे बरेच केलेत. पण ती दोन छायाचित्रे! वर हिरवेगार ‘तेव्हा’, खाली करडे ‘आता’, आणि ओळ काय, तर ‘कुऱ्हाडीने केले उजाड’. अहो, खालच्या छायाचित्रात तुटलेले एक खोड दाखवा. झाडे उभी, फांद्या शाबूत, जमिनीवर पाचोळा. ते शुष्क पानझडी जंगल आहे आणि ऋतू कोरडा आहे, एवढेच. मातीतला ओलावा सरू लागला की साग, सालई, मोई पाने टाकतात. पानांवाटे जाणारे पाणी थांबवले नाही तर झाड तगणार नाही. काही झाडांना तर पाऊस पडायच्या आधीच पालवी फुटते. कुऱ्हाड बिचारी इथे निर्दोष आहे.

तोड ओळखायची तर आधी खुंट शोधावेत. ओंडके ओढून नेल्याच्या वाटा दिसतात. सागाच्या खुंटाला धुमारे फुटतात आणि त्यांची पाने मोठ्या झाडाच्या पानांपेक्षा कितीतरी मोठी असतात. उपग्रहाची चित्रे ताडून पाहायची असतील तर दोन्ही वर्षांतला महिना एकच हवा, आणि त्या त्या वर्षी पाऊस किती झाला तेही बघावे. उलटी फसगतही होते. तोडलेल्या जागी पावसाळ्यात गवत आणि रानमोडीचे तण माजते, वरून सगळे हिरवे दिसते. म्हणजे आपल्या हिशेबाने उभे जंगल तुटलेले आणि तुटलेले जंगल सुखरूप!

‘जंगल कुठलेही असो, परिणाम तोच’ हे वाक्यही तसेच. सागाचे रान गुरे आणि वणवा यांपासून काही वर्षे राखले तर खुंटांतून पुन्हा उभे राहू शकते. सदाहरित वर्षावनाचे तसे नाही. तिथली पोषकद्रव्ये मातीत थोडी आणि झाडांत जास्त. तोडून जाळले की राखेवर दोन-तीन पिके निघतात, मग पाऊस उरलेले धुऊन नेतो आणि शेतकरी पुढचा तुकडा तोडतो. तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, कार्बनचा मोठा साठा जमिनीत असतो. झाडांची सावली गेली की गोठलेली जमीन वितळू लागते. खारफुटी तर आपण छापलेल्या जंगलांच्या तक्त्यातच नाही. ती काढून कोळंबीची तळी खोदली की गाळातल्या लोह-गंधकाच्या संयुगाला हवा लागते, त्याचे गंधकाम्ल होते, पाणी आंबते आणि काही वर्षांत तळे टाकून द्यावे लागते. खारफुटीही गेली, कोळंबीही गेली.

कारणांमध्ये सारा राग लाकूडतोड्यांवर निघाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) २०२१ च्या उपग्रह-पाहणीत जवळजवळ ९० टक्के जंगलतोडीमागे शेती आणि चराई निघाली. लाकडासाठी रस्ता पडतो हे खरे, पण जंगल परत येऊ देत नाहीत ती त्या रस्त्याने मागून आलेली कुरणे, सोयाबीन आणि पामतेलाचे मळे.

जाता जाता आणखी एक. शीर्षकात ‘वर्षाला १ कोटी एकर’, मजकुरात ‘१ कोटी हेक्टर’. २०१५ ते २०२० या काळासाठीचा एफएओचा आकडा हेक्टरांतला आहे. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. शीर्षक लिहिताना आपण दरवर्षी जवळजवळ दीड कोटी एकर जंगल वाचवलेत, त्याबद्दल अभिनंदन.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत आणि छायाचित्रासकट छापावी. आतल्या पानावर छोट्या जाहिरातींखाली नको.

आपला,
एक वाचक