अण्णा, ते लोखंड आता उतरवा

ती. अण्णा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णा, तुम्ही "बघू" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमचं "बघू" म्हणजे "नाही", हे आपल्या घरात लहान पोरालासुद्धा कळतं. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढते. आई, तू हे मोठ्यानं वाचून दाखव. मध्येच ते बातम्या लावायला उठले तर रिमोट उशीखाली घाल.

विषय तोच. डाव्या पायाचं कॅलिपर, म्हणजे पोलिओच्या पायाला आधार देणारा तो लोखंडी सांगाडा, बदलायचं.

दिवाळीत तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा मी ते आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. बुटासकट तीन किलोला थोडं कमी भरलं. दोन बाजूंना पोलादी पट्ट्या, गुडघ्याशी खटका, वर-खाली चामड्याचे पट्टे आणि तो जाड तळाचा बूट. २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा हे चिखलात सापडलं होतं. चामडं वाळून पापडासारखं झालेलं, रिवेटांना गंज. तुम्ही ते पॉलिश पेपरनं घासलंत, तेलात मुरवलंत आणि परत पायात चढवलंत. त्या वेळी सगळ्यांनी कौतुक केलं. मला तेव्हाच वाटलं होतं की ते कृष्णेनं नेलं असतं तर बरं झालं असतं.

कारण मी तुमची चाल बघते. मांडीवर हात दाबून पाऊल टाकायची सवय तुम्हाला पहिल्यापासून आहे, पण पूर्वी ती चढावर आणि जिन्यावर दिसायची. आता सपाट रस्त्यावरही हात मांडीवरून सुटत नाही. लहानपणी पोलिओ झालेल्या माणसांना उतारवयात पुन्हा अशक्तपणा येतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. ज्या स्नायूंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटचंही काम ओढलं, ते थकतात. चांगला पायही कुरकुर करायला लागतो. अशात तीन किलो कमरेला बांधले असते तर एवढं जाणवलं नसतं. पायाच्या टोकाशी बांधलेलं वजन मात्र दर पावलाला उचलायचं, पुढे फेकायचं आणि थांबवायचं असतं.

"तुझं उपग्रहाचं काम, पायातलं तुला काय कळतंय?" असं तुम्ही म्हणालात. त्याचंच उत्तर देते.

राष्ट्रपती कलाम तुम्हाला ठाऊक आहेत, भिंतीवर फोटोच आहे. मी इंजिनिअर कलामांबद्दल सांगतेय. केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात असताना त्यांनी काचेच्या धाग्यांनी बळकट केलेल्या प्लास्टिकवर काम केलं. पुढे एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रह-रॉकेटचे ते प्रकल्पप्रमुख झाले. हे रॉकेट २२ मीटर उंच आणि १७ टन वजनाचं, आणि त्यानं कक्षेत न्यायचे फक्त चाळीसेक किलो. हा हिशेब नीट बघा, म्हणजे आमच्या धंद्यातली माणसं ग्रॅमसाठी का भांडतात ते कळेल. १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण समुद्रात गेलं, १८ जुलै १९८० ला रोहिणी कक्षेत बसली. मग कलाम हैदराबादला क्षेपणास्त्रांकडे गेले आणि २२ मे १९८९ ला 'अग्नी'ची पहिली चाचणी झाली.

'अग्नी'चं शेंडीचं टोक वातावरणात परत शिरताना असं तापतं की पोलाद तिथे टिकत नाही. म्हणून ते कार्बन-कार्बनचं केलं. कार्बनचे धागे विणायचे, त्यांत राळ भरायची, ती हवेशिवाय भाजून तिचाही कार्बन करायचा. भाजल्यावर आत पोकळ्या राहतात, त्या पुन्हा भरायच्या, पुन्हा भाजायचं. असं बरेचदा. हे सगळं एकट्या कलामांनी केलं नाही. कितीतरी प्रयोगशाळा, कितीतरी माणसं त्यामागे होती. वर्तमानपत्रवाले एकाचंच नाव छापतात, कलाम स्वतः मात्र श्रेय सगळ्यांना द्यायचे.

तर त्या काळात हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधले एक हाडांचे डॉक्टर त्यांच्या प्रयोगशाळेत आले. क्षेपणास्त्रासाठी केलेल्या हलक्या साहित्याचा तुकडा त्यांनी हातात घेतला आणि कलामांना सरळ आपल्या वॉर्डात घेऊन गेले. तिथे लहान पोरं-पोरी तीन-तीन किलोची धातूची कॅलिपर ओढत चालत होती. डॉक्टर म्हणाले, माझ्या पेशंटांचा हा त्रास काढा. तीन आठवड्यांत कलामांच्या लोकांनी ३०० ग्रॅमची कॅलिपर करून दिली. पोरं पळायला लागली, आईबापांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट कलाम भाषणांतून पुन:पुन्हा सांगायचे, रॉकेटपेक्षा जास्त आनंदानं.

तीन किलोचे तीनशे ग्रॅम. यात नुसतं साहित्य बदललेलं नाही, अण्णा, आखणीही बदलली आहे, आणि तुम्हाला त्यातच गंमत वाटेल. तुमच्या कॅलिपरला गुडघा वाकू नये म्हणून वरपर्यंत पट्ट्या आणि खटका लागतो. त्या नव्या प्रकारात घोटा एका कोनात पक्का धरलेला असतो आणि गुडघ्याच्या खाली, नडगीच्या पुढच्या बाजूला एक पट्टी असते. पाऊल टेकलं की जमीन जेवढी खालून ढकलते, तोच जोर त्या पट्टीवाटे नडगीला मागे दाबतो आणि गुडघा आपोआप सरळ राहतो. खटका नाही, बिजागरी नाही. काम जमीनच करते. मी पहिल्यांदा त्याचं चित्र बघितलं तेव्हा वाटलं, हे अण्णांना दाखवलं तर पेन्सिल घेऊन बसतील.

"लोखंड ते लोखंड, प्लास्टिकचा काय भरोसा" हा तुमचा खरा आक्षेप आहे, माहीत आहे मला. मग ऐका. तुम्ही जन्मभर ओतकामाच्या साच्यांसाठी सागवानाचे पॅटर्न, म्हणजे लाकडी नमुने, केलेत. मोठी गोल चकती करायची तर एका फळीतून कधीच कापली नाहीत. तुकडे जोडायचात, आणि एका थराच्या रेषा उभ्या तर वरच्या थराच्या आडव्या, म्हणजे पॅटर्न पिळवटत नाही. आम्ही नेमकं तेच करतो. आमच्याकडे राळेत भिजवलेला कार्बनचा कपडा फ्रीझरमध्ये ठेवतात, नाहीतर राळ आधीच घट्ट व्हायला लागते. तो बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी फोडायची नाही, फोडली तर दव धरतं. मग थरावर थर: एक सरळ, एक तिरपा, एक आडवा. एकेक थर कागदाएवढा पातळ. प्रत्येक थराचा कोन लिहून सही करायची. वरून पिशवी लावून हवा ओढायची आणि दाबाच्या भट्टीत शिजवायचं. आमच्या शॉपमधला सगळ्यात जुना कारागीर थर बसवताना बोटाच्या पेरानं जसा दाबत जातो, तसा तुम्हीही कोअर बॉक्सचे (ओतीव वस्तूतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायच्या पेटीचे) कोपरे पुटी भरून दाबायचात.

धाग्याच्या दिशेनं हे पोलादाला हार जात नाही आणि वजन पोलादाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. उन्हात तापून जवळजवळ लांब होत नाही, सावलीत गार होऊन फारसं आखडत नाही, म्हणून उपग्रहाच्या अँटेनाला लागतं. (धातू गार होताना आकसतो म्हणून माप वाढवून घ्यायची तुमची ती श्रिंकेजची पट्टी आमच्याकडे उपाशी मेली असती.) धातूवर भरोसा ठेवणाऱ्या इस्रोनंही २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कोलंबियम मिश्रधातूच्या जागी कार्बन-कार्बनचं नॉझल (जळता वायू बाहेर सोडणारं तोंड) तयार केलं. नॉझलचं वजन सुमारे ६७ टक्क्यांनी उतरलं, आणि त्यामुळे रॉकेट १५ किलो जास्त सामान नेऊ शकतं, असं त्यांनी जाहीर केलं.

यान परत येताना जळत कसं नाही, हे तुम्ही दिवाळीत विचारलं होतं आणि मी घाईत टाळलं होतं. थोडक्यात सांगते. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की नाक सुईसारखं टोकदार हवं. १९५१ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे ॲलन या इंजिनिअरनं उलटं मांडलं: नाक बोथट ठेवा. बोथट नाकापुढे दबलेल्या हवेची भिंत अंगापासून दूर उभी राहते, आणि बरीचशी उष्णता यानात न शिरता बाजूनं वाहून जाते. उरलेली सोसायला वरून कवच. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानाच्या कवचात मधमाशीच्या पोळ्यासारखे तीन लाखांहून जास्त खण होते आणि प्रत्येक खण हातात पिचकारीसारखी बंदूक धरून राळेनं एकेक करून भरला होता. आपल्याकडे इस्रोची ५५० किलोची कुपी २२ जानेवारी २००७ ला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या नाकाशी कार्बन-फिनॉलिक (कार्बनचे धागे आणि फिनॉलिक राळ) आणि बाकी अंगावर सिलिकाच्या टाइल्स. सिलिका म्हणजे तुमच्या मोल्डिंगची वाळूच, फक्त धाग्यांच्या रूपात. लोखंडाचा रस झेलणारी वाळू यान झेलते म्हटल्यावर तुम्हाला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

आणि नव्या गोष्टीवर संशय घ्यायचा तर तुम्ही घ्यावा? लक्ष्मणराव किर्लोस्करांची नांगराची गोष्ट मी तुमच्या मांडीवर बसून ऐकली आहे. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, पहिले नांगर खपायला वर्षं गेली. सांगताना तुम्ही पोट धरून हसायचात. आता तुम्ही त्या शेतकऱ्यांच्या जागी बसला आहात, फक्त लोखंड यावेळी तुमच्या बाजूला आहे.

उणी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी विकायला निघाली. लोखंडाची पट्टी वाकली तर ठोकून सरळ करता येते. हे वाकत नाही. हद्दीपलीकडे गेलं की तडकतं, आणि कोपऱ्यावरच्या लोहाराकडे त्याचं काही औषध नाही. मापात दोन मिलिमीटरची चूक झाली तर कातडीला फोड येतो, म्हणून सुरुवातीला रोज थोडा थोडा वेळ वापरून पाय तपासायचा. तुमच्या मांडीत किती ताकद उरली आहे, गुडघा पूर्ण सरळ होतो का, यावर प्रकार ठरेल. त्या तीनशे ग्रॅमवाल्यासारखं बसेलच असं मी म्हणत नाही. कदाचित वरपर्यंतचंच लागेल, पण तेही बरंच हलकं असेल. ते डॉक्टर आणि माप घेणारा ठरवतील, मी नाही आणि तुम्हीही नाही.

आई, खर्चाचं तू मनात आणू नकोस, ते मी आणि दादानं बघितलंय. तुझ्यासाठी एकच फायदा सांगते: पट्ट्यांना तेल लावायचं आणि उशीच्या अभ्र्यांवरचे ते काळे डाग धुवायचं काम संपेल. अण्णांना नव्या कॅलिपरवर नेहमीची चप्पल-सँडल घालता येईल का, हे माप घेताना नक्की विचारायचं. गणपतीच्या देवळात जाताना त्यांना तो बूट सोडायचा किती कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यानं ते हल्ली बाहेरूनच हात जोडतात, हे मला दिसलं आहे.

मी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं येतेय. सोमवारी मिरजेला माप द्यायची वेळ घेतली आहे, सकाळी साडेदहा. प्लास्टरचा साचा घेतील, त्यामुळे सैल लेंगा किंवा हाफपँट घाला. जुनं कॅलिपर आणि बूट दोन्ही सोबत असू द्या, झीज कुठे झाली आहे ते त्यांना बघायचं असतं. आधीचे एक्स-रे कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. आई, ते काढून ठेव. साचा कसा भरतात यावर अण्णा तिथल्या माणसाला शिकवायला लागतील, त्याची तयारी मी त्याला फोनवर देऊन ठेवली आहे.

दादाला आणि वहिनीला नमस्कार. चिमणीला पापा.

तुमची,
धाकटी