एका उलट्या पानासाठी

प्रिय काका,

मॉडेलचं प्रदर्शन होऊन तीन आठवडे झाले. त्या दिवशी तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. घसा दाटून आला होता, म्हणून मी उगाच पाठ फिरवून सामान आवरत बसलो. आता चारचौघांसमोर लिहितोय, कारण आधी जे झालं तेही चारचौघांसमोरच झालं होतं.

१:३५ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा माझा पँथर, जर्मन रणगाडा, १९४४च्या उन्हाळ्यातला, फ्रान्सच्या नॉर्मंडीतला. रणगाडा झकास जमला होता, तो लपवायला वर लावलेल्या फांद्यांनी घात केला. एका जाणत्याने लांबूनच विचारलं, "रणगाडा आहे की भाजीची गाडी?" आजूबाजूचे खो खो हसले. दुसऱ्याला विचारलं, पानं कशाची करता? तर म्हणाला, "अनुभवाने येतं." अनुभव म्हणे! स्वतःच्या डबीवर मात्र हात ठेवून उभा होता. तिसऱ्याने फांद्या उपटून टाकायचा सल्ला दिला आणि खरं सांगतो, दोन उपटल्याही होत्या.

तेवढ्यात तुम्ही आलात. खुर्ची ओढून बसलात, बराच वेळ नुसतं बघितलंत आणि पट्टी मागितलीत. माझं पान १ सेंटीमीटर भरलं. "म्हणजे खऱ्यात पस्तीस. सुपाएवढं!" तुम्ही हसलात, मग मीही हसलो. मघाशी हसले ते आणि हे, यातला फरक मला अजून शब्दांत सांगता येत नाही.

मग खिशातून डबी निघाली. बर्च नावाच्या झाडाच्या वाळलेल्या तुऱ्यांचा चुरा. बिया चाळून बाजूला काढलेल्या, उरलेली तीन टोकांची इवली खवलं जेमतेम ३ मिलिमीटरची, म्हणजे खऱ्यातलं दहा सेंटीमीटरचं पान. हे चाळायला किती संध्याकाळी जातात ते आता मला ठाऊक झालंय. तुम्ही अर्धी डबी माझ्या कागदावर ओतलीत. मोजली नाहीत.

बाकी गोंद, रंग, तार वगैरे जाऊ दे. ते कुठेही शिकता येतं. माझ्या मनातून जात नाही ते एकच. मी पहिली फांदी पूर्ण करून तुमच्यापुढे धरली. सगळी पानं तोंड वर करून, शाळेच्या फोटोसारखी. तुम्ही काही बोलला नाहीत. चिमट्याने एक पान उचललंत, उलटं केलंत, त्याच्या पाठीवर फिकट हिरव्याचा एक ठिपका दिलात आणि परत चिकटवलंत. बस. फांदी जिवंत झाली. जिवंत कसली, तोडलेली वाटायला लागली, आणि तीच तर हवी होती!

नंतर म्हणालात, ही फांदी कुणी शोभेला लावलेली नाही, वर विमानं घिरट्या घालताहेत म्हणून घाईने तोडलीय. १७ जुलैला खुद्द जर्मन सेनापती रोमेलची मोटार विमानांनी भर रस्त्यात गाठली, तिथे साध्या चालकाची काय कथा. तो हाताला येईल ती फांदी अडकवणार, पण पेरिस्कोपसमोर एक पान येऊ देणार नाही आणि टरेट, म्हणजे तोफेचा घुमट, फिरताना अडकेल असं काही ठेवणार नाही. दुपारपर्यंत ती कोमेजणार. माझ्या तीन फांद्या नेमक्या पेरिस्कोपवर होत्या! ते तुम्ही आल्याआल्याच पाहिलं असणार. पण मला माझं मला दिसेपर्यंत थांबलात.

हातचं राखून शिकवणारे खूप भेटतात, आणि शिकवताना समोरच्याला खुजं करणारे तर त्याहून जास्त. रंग-गोंदाच्या छंदातच नव्हे, सगळीकडेच. त्यात तुमच्यासारखं एखादं माणूस दोन तास बसतं, स्वतःचं टेबल ओस पडू देतं आणि वर "अहो, मलाच मजा आली" म्हणतं. अशा माणसांचे उपकार फेडायचे कसे, तेही अनुभवानेच येत असेल का?

परवा पँथरवरच्या सगळ्या फांद्या नव्याने केल्या. ती पहिली मात्र टरेटच्या मागे होती तशीच आहे. तिचा गोंद जरा जास्त झालाय, उजेडात चमकतो. म्हटलं, चमकू दे.

आता ट्रक करायला घेतलाय. डबीत अजून चिमूटभर खवलं आहेत. पुढच्या वेळी तुमची खुर्ची मीच आणून ठेवतो, चिमटा तेवढा तुमचा आणा.

तुमचा,
भाजीच्या गाडीवाला