चूल पेटवा, कॅमेरा आहे!

महोदय,

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराची गाण्याच्या रिअॅलिटी शोसाठी निवड झाली, तेव्हा त्याच्या घरी शूटिंगवाले आले होते. घरात गॅस, मिक्सर, सगळं आहे. पण त्यांनी त्याच्या आईला परसातली चूल पेटवायला लावली. ती चूल वर्षातून चार वेळा पेटते, तीही भरताची वांगी भाजायला. धुराने माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बरोब्बर टिपलं गेलं आणि टीव्हीवर त्याखाली करुण संगीत वाजलं. शेजारची आजी विचारते, "हाई खरं शे का रे भाऊ?" काय सांगणार! पाणी खरं होतं, कारण खोटं होतं.

'बिग बॉस मराठी' 2018 पासून, हंगाम चालू असला की, आपल्याकडे रोज रात्री भांडणं पोचवतं. चोवीस तासांच्या चित्रीकरणातला तासभर निवडणारा माणूस पडद्यावर कधी दिसत नाही. सकाळची नजर संध्याकाळच्या टोमण्याला जोडली की वैर तयार! तरी 2024 मध्ये बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला, तेव्हा आमच्या पारावरही पेढे वाटले गेले. आपल्यासारखं बोलणारा कुणी तिथे दिसला की माणसं थांबतात. मीही थांबतो, बायकोला मात्र बातम्या बघतोय असं सांगतो.

वाहिन्यांनी एवढंच करावं: जे प्रसंग ठरवून घेतले, त्यावर तशी पट्टी दाखवावी.

- एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)